ड्रॅगनचं स्टिकर

टॉडमर्डनच्या वाचनालयात दर मंगळवारी
मी पुस्तकांच्या पाठीवर स्टिकर चिकटवते.
खून असला तर कवटी,
प्रेम असलं तर बदाम,
ड्रॅगन असला तर ड्रॅगन.
ब्रॉन्विनबाईंचा नियम सोपा आहे.

आज एक ठोकळा आलाय, नऊशे बारा पानं,
पाट्यासारखा जड,
आणि ड्रॅगन कुठेच नाही.
मीठ वाहणारी एक बाई आहे,
तीन राज्यं, त्यांची पिढीजात भांडणं,
सुरुवातीला नकाशा, शेवटी वंशावळी,
नदीला कुठल्याशा मेलेल्या भाषेतलं नाव.
स्टिकरचं भेंडोळं हातात घेऊन मी नुसती उभी.

काउंटरशी हेडली सटक्लिफ, वय चौऱ्याऐंशी.
कालव्याच्या लॉकवर एकतीस वर्षं
दारं उघडली, दारं मिटली.
आज सहावा भाग परत करतायत
आणि सातवा कधी येणार विचारतायत.
लेखक गेला, हे मी त्यांना दोनदा सांगितलंय.

म्हणाले, ड्रॅगन काय बघतेस, नकाशा बघ.
कडेला जग संपतं
की नुसता कागद?
मग बघ, गोष्ट सुरू व्हायच्या आधी
तिथं किती माणसं मरून गेलीत.
दर पुलाखाली एक जुनी लढाई पाहिजे
आणि पोरांनी तिच्यावर दोरीच्या उड्या मारायला पाहिजेत,
काय म्हणतोय ते न कळता.

मी विचारलं, आणि पुराची ती रात्र?
गाव अजून सांगतं, तुम्ही एकटेच होतात गेटवर.
हसले. ती ड्यूटी होती, बाई. ओव्हरटाइम मिळाला.
माझ्या दारामागे एका कालव्याचं पाणी.
यांच्या दारामागे सगळ्या जगाचं असतं
आणि दाराशी नेमका तो उभा
ज्याला पोहता येत नाही.

मी आटपाट नगरात वाढले.
तिथल्या राजाला नाव नव्हतं, नगराला नकाशा नव्हता,
दूध उतू जायच्या आत
कहाणी सुफळ संपूर्ण.
पण वसा तोच की!
उतायचं नाही, मातायचं नाही,
घेतलाय तो टाकायचा नाही.
इथं फक्त वशाला पाय फुटतात,
पायांना फोड येतात,
आणि सहा भाग चालूनही
डोंगर निळाच दिसतो.

शेवटचं पानही बघ, ते जाता जाता म्हणाले.
घरी परतल्यावर तिचं कपाळ
स्वतःच्याच चौकटीला आपटतं का?

गेल्या डिसेंबरात मिरजेला
माझं आपटलं.
आई म्हणाली, दार होतं तेवढंच आहे गं.
माझी उंचीही तेवढीच होती, पाच फूट एक.
हे मी त्यांना सांगितलं नाही.

ठोकळा उघडून मी शेवटचं पान काढलं.
बाई अजून घाटातच होती,
पाठीवर मीठ, खाली कुणाचे तरी दिवे.
बाहेर ब्रॉन्विनबाईंच्या चपलांचा आवाज आला
तेव्हा सटक्लिफ दारातून मागे फिरले,
बिनस्टिकरचं पुस्तक माझ्या हातातून घेतलं,
पाठीवरची बारीक अक्षरं
चष्मा कपाळावर सरकवून वाचली:
भाग पहिला.

दे, म्हणाले. यातले किती आहेत?