लाल दिवा

बारा कॅसेटी. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात,
वर चिंध्या, चिंध्यांवर आईने टाकलेल्या
उकड्या तांदळाच्या दोन मुठी, दमट लागू नये म्हणून.
तरी आठवीवर बुरशी आलीच,
पावसात राहिलेल्या सुक्या बोंबलावर येते तशी, पांढरी.

कॅमेरा मस्कतहून यासीन मुकादमने आणला होता.
आबांनी तो हप्त्याहप्त्याने फेडला,
देवगडच्या बर्फ कारखान्यातल्या पगारातून.
माहितीपुस्तिका जपानी आणि अरबी.
लाल दिवा म्हणजे यंत्र बंद, असं त्यांनी धरून चाललं.
कारखान्यात तसंच होतं.

म्हणून करुणाच्या लग्नात
अंतरपाट धरला तेव्हा कॅमेरा झोपलेला.
हार नाहीत. सप्तपदी नाही.
पाठवणीला सगळी रडली म्हणतात, तेही नाही.
आहे ते मधलं.

मांडवातलं जाजम, तिरपं.
एकोणीस मिनिटं आबांची पँट आणि चालणारी जमीन.
"सोलकडयेत मीठ कोणी घातल्यान?" कोणीतरी ओरडतंय,
आणि कोणीच कबूल होत नाही.
पाण्याच्या टाकीमागे करुणा,
शालू गुडघ्यापर्यंत धरून,
मुंडावळ्या कानामागे सारून
उभ्या उभ्या फणसाचे गरे खातेय,
आठळ्या थुंकतेय थेट आमच्या दिशेने.
आणि सगळ्यावर आबांचा श्वास,
माइकला चिकटलेला.
"बंद केलंय मां?" ते स्वतःलाच विचारतात.
"केलंय."

तासाची कॅसेट उतरायला तासच लागतो.
तिला घाई कळत नाही.
तीनदा लाइट गेली. डोंगरावर पवनचक्क्या
गरगरत होत्या आणि आमच्या घरात मेणबत्ती.
तीनदा पुन्हा पहिल्यापासून.

पुण्याहून रुपेशचा फोन.
"दहा मिनिटांचं कर गं, पाय-बिय कापून टाक,
खाली सनई लाव."
मी हो म्हटलं.
केलं नाही.

खरं तर आईलाही पटत नव्हतं.
"चपला नि पाय. ह्या कित्याक ठेवचा?"
मग पडदा जाजमावरून सरकला
आणि ती भाजी निवडायची थांबली.
"माघारी घी. थय. थांबव.
हो पाय शेवंतीचो मां?"
करंगळीला लागून सहावं बोट,
भेगेत शेण सुकलेलं.
शेवंतीआत्या फोटोला कधी उभी राहिली नाही.
घरात तिचा एकही फोटो नाही.
चार सेकंद आहे ती. मग ताटं घेऊन जाते.

दोन वर्षांपूर्वी आबांचा गळा कापला,
आत जे होतं ते काढलं, आवाजही त्याच्याबरोबर गेला.
आता ते जुन्या वजनपावत्यांच्या पाठीवर लिहितात.
"केलंय" हा शब्द त्यांनी मला
चार वेळा लावायला सांगितला.
चौथ्यांदा ओठ हलले, किंचित मागून.

प्रती किती ठेवू, मी विचारलं.
त्यांनी मासळीची पेटी काढली, चौकोनी,
तळाला बर्फाची रेघ, मध्ये रेघ, वर रेघ.
एका थरावर माल सोडायचा नाही.

एक इथे, तांदळाच्या डब्यात, सवयीने.
एक करुणाकडे लांज्याला,
तिथे खारं वारं पोचत नाही, बिजागऱ्या टिकतात.
एक यासीनचा मुलगा घेऊन जाईल
सोमवारी, मस्कतला.
आठवी कॅसेट मी अजून पुसतेय कापसाने,
वीतभर रोज. तिच्यात काय आहे कोणालाच आठवत नाही.

डिस्कचा दिवा निळा.
आबा बोट दाखवतात, भुवई वर.
चालू आहे, मी सांगते.
ते मान हलवतात,
पण तळवा तिच्यावरून काढत नाहीत,
मोटर तापली का बघायला
रात्रपाळीत ठेवायचे, तसा.