चुरी

तिकडं लांब कुठलीतरी खाण बंद झाली
हे आम्हाला कळलं वजनकाट्यावर.
शिरोलीत कोकचा ट्रक आला तो अर्धा,
पुढच्या आठवड्यात नुसता फोन.

दस्तगीरचाचानं तीस वर्षं भट्टी पेटवली.
धार कधी सोडायची ते ज्वाळेच्या रंगावरून सांगायचा.
घड्याळ बघणाऱ्याला म्हणायचा,
"त्याला काय कळतंय? हिला विचार की!"
आता शेडात विजेची भट्टी.
पडद्यावर आकडा उमटतो.
पोरं आयटीआयची, चांगली आहेत,
चाचाला बसायला खुर्ची देतात.

कोक फोडणाऱ्या आम्ही अकरा जणी.
आम्हाला कुणी काढलं नाही,
हजेरीबुकात आम्ही कधी नव्हतोच.
घमेल्यामागं पैसे होते,
घमेलं पालथं पडलं.

रंजना मंगल कार्यालयात भांडी घासते.
हौसाक्का गांधीनगरात कापडाच्या घड्या घालायला गेली.
"आधी हात धू," शेठ म्हणाला.
धुतले.
तळव्याच्या रेघांतलं काळं निघेना,
दुपारच्या आत परत पाठवली.

काल मी झाडू घेऊन आवारात गेले.
भिंतीकडेला वीतभर चुरी साचलेली.
वॉचमननं तोंड फिरवून तंबाखू मळायला घेतली.
शेणात कालवून गोळे वळले,
मोजले, बेचाळीस.
रोज दोन म्हटलं तर
तीन आठवडे आंघोळीचं पाणी तापेल.

महिनाभर नाक शिंकरलं तरी
पदराला काळं लागत नव्हतं.
काल लागलं.
लेक म्हणाली, "आई, पदर धू."
म्हटलं, असू दे गं,
सकाळी बघू.