मालमत्ता क्रमांक ४४१७

फ्रीज आला मंगळवारी.
दोघांनी तो तळघराच्या जिन्यावरून
कुरकुरत उतरवला,
आणि तिसऱ्याने, ज्याला दुसरं काहीच काम नव्हतं,
दारावर एक चंदेरी पट्टी चिकटवली:
राज्य शासनाची मालमत्ता, क्रमांक ४४१७.

मी या चर्चचा हिशेब लिहिते. एकोणीस वर्षं.
दानाची नाणी मोजून बोटांना
तांब्याचा वास लागतो, तो साबणाने जात नाही.
एवढा आकडा या वहीने पाहिलाच नव्हता.
शून्यं दोनदा मोजली,
मग पेन्सिलीने लिहिली, शाईने नाही.

अनुदान घ्यायचं का, यावर हात वर झाले तेव्हा
विरोधात एकटा थर्मन ओझली.
ब्याऐंशी वर्षांचा. म्हणाला,
माझ्या खापरपणज्याच्या आजाला याच डोंगरांपलीकडे, व्हर्जिनियात,
तुरुंगात टाकलं होतं,
सरकारी परवान्याशिवाय प्रवचन केलं म्हणून.
तो गजांतून बोलत राहिला,
लोक बाहेर चिखलात उभं राहून ऐकत राहिले.
आणि तुम्ही त्याच तुरुंगाच्या मालकाकडून
सूपाचं पातेलं घेताय?
ज्याची खाल भाकरी, त्याची कराल चाकरी.

कुणीतरी म्हणालं,
थर्मन, दर गुरुवारी एकशे चाळीस माणसं येतात.
मला मोजता येतं, तो म्हणाला
आणि बसला. बसायलाही त्याला वेळ लागला.

नियम सोपे होते, बावीस पानी.
प्रार्थना करा, पण आमच्या पैशात नको.
जेवणाआधी नको, जेवताना नको.
वेगळ्या वेळी, वेगळ्या खोलीत,
ज्याला यायचं तो येईल.
विजेचं बिल मी फोडलं:
तळघर बासष्ट टक्के, देव अडतीस.
असं लिहिलं नाही अर्थात.

रस्क म्हणून एक जण आहे, खाण बंद पडल्यापासून येतो.
चार हिवाळे तो प्रार्थना संपेपर्यंत
दाराबाहेर उभा असायचा, टोपीवर बर्फ साठवत,
आणि मग शेवटचं, निवलेलं वाढून घ्यायचा.
आम्हाला वाटायचं, सिगारेटसाठी थांबतो.
नियम लागू झाले त्या गुरुवारी
रांगेत तो पहिला होता.
व्हर्लीनने त्याला दोन डाव जास्त वाढले
आणि नंतर बराच वेळ
नळ उगाच सोडून त्याच्यापुढे उभी राहिली.

ऑगस्टमध्ये अडलं ते प्रभुभोजनाच्या द्राक्षरसापाशी.
जुना फ्रीज भंगारात गेलेला.
४४१७ मध्ये अंड्यांशेजारी
बरोबर एका बाटलीची जागा.
मी कचेरीत फोन केला.
बाईंनी अकरा मिनिटं संगीत ऐकवलं
आणि म्हणाल्या, लेखी विचारा.

म्हणून फोडलेली बाटली राहिली ऑर्गनच्या मागे, उकाड्यात,
आणि रविवारी
दारूच्या थेंबालाही न शिवणाऱ्या आम्हा बॅप्टिस्टांच्या जिभेवर
तो रस फसफसला.
पाद्री क्रॅबट्रींनी डोळे मिटून घेतले, भक्तीने नव्हे.
मिसेस पेटिग्रूंनी आणखी एक प्याली मागितली.

पुढच्या महिन्यात, आदल्या दिवशी, थर्मन आला
मासेमारीचा बर्फाचा डबा घेऊन.
निळा, कडी तुटलेली, सुतळीने बांधलेला.
४४१७ च्या शेजारी ठेवला, चार बोटं अंतर सोडून.
अंतर वाकून तपासलं.
अनुदानाबद्दल अवाक्षर नाही.

रविवारी सकाळी डबा वर न्यायचा होता
आणि थर्मनचे गुडघे जिन्याकडे बघत होते.
रस्क कोट विसरला होता, तो घ्यायला आलेला.
त्याने न विचारता डबा उचलला,
वरच्या दारापर्यंत नेला,
उंबऱ्याच्या अलीकडे ठेवला,
हात पँटला पुसले आणि गेला.
त्या दिवशी आम्ही प्यायलो त्या रसाला
किंचित कॅटफिशचा वास होता.

बर्फ, दोन पिशव्या, तीन डॉलर चाळीस सेंट,
थर्मनच्या खिशातून.
माझ्या वहीत रकाने दोनच.
मी ते समासात लिहिलं,
शाईने.