सूर्य वजा करताना

दाराच्या चौकटीत, गुडघ्याच्या उंचीवर
मी एक न दिसणारी दोरी बांधली आहे.
इकडे एलईडी, तिकडे फोटोट्रान्झिस्टर.
मासळीच्या कारखान्यात खोकी मोजणारा डोळा असाच असायचा.
एलर्ट हल्ली उठतो आणि चालू लागतो.
दोरी तुटली की माझ्याजवळ घंटा वाजते.

पहिल्या दिवशी त्याला फोनच्या कॅमेऱ्यातून दाखवलं:
नुसत्या डोळ्यांना काहीच नाही,
पडद्यावर मात्र जांभळा ठिपका.
"लांबची बोट," तो म्हणाला.
मी हो म्हटलं.

व्हाद्सोत हिवाळ्याचे दोन महिने सूर्य उगवत नाही.
दोन महिने यंत्र एकदाही चुकलं नाही.
मला वाटलं, जमलं.

मग जानेवारीतल्या त्या दुपारी
पोरं गोड पाव खात धक्क्याकडे पळाली,
फ्योर्डवरून सूर्य आडवा घरात शिरला
आणि थेट त्या पाच मिलिमीटरच्या डोळ्यात जाऊन बसला.
डोळा इतका भरला
की समोरून माणूस गेला तरी कळेना.
घंटा वाजलीच नाही.

एलर्ट सापडला धक्क्यावर. पायात नुसते मोजे,
तोंड उजेडाकडे, पापण्या मिटलेल्या.
"आली बघ तुझी बोट."

त्या रात्री जुन्या निगेटिव्हचं काळंकुट्ट टोक कापलं,
जिथे आमच्यापैकी कुणीच नाही,
आणि डोळ्यावर चिकटवलं.
दिसणारा उजेड अडला.
पण न दिसणारा उजेडही सूर्याकडे पोत्याने आहे.

आठवडाभर हाताला सोल्डरचे चटके.
मग उमगलं: सूर्य लुकलुकत नाही,
तो एकच न संपणारा "आ" आहे.
मी माझ्या दिव्याला
सेकंदाला अडतीस हजार वेळा मिचकवायला लावलं
आणि पलीकडे नवा रिसीव्हर बसवून बजावलं, एवढंच ऐक.
बाकीचं, म्हणजे ट्यूबलाइटची कुरकुर, शेगडीची धग, अख्खा सूर्य,
बाहेरच राहू दे.

ऐकतो आता.

हल्ली एलर्ट दारात वाकून उभा राहतो,
हात मध्ये घालतो, काढतो. घालतो.
घंटा वाजते, थांबते, वाजते.
मी पिठाच्या हातांनीच धावत येते: काय हवंय?
काही नाही, म्हणतो. बोटीला खुणा करतोय.
मी तिथेच उभी राहून मोजते.
तीन आखूड. एक लांब.