डावा स्पीकर

गाडी सत्त्याण्णव सालची. दोन दारं, दोन सीट,
बसलं की बूड रस्त्याला टेकल्यासारखं.
नाशिकच्या एका दंतवैद्याकडून घेतली तेव्हा
बायको आठ दिवस बोलली नव्हती.
जामनेर रोडवर पोरं अजून वळून बघतात:
एवढी बुटकी गाडी
अन् आत एवढा पोट सुटलेला माणूस.

कामावर मी उंच बसतो.
मागे अठ्ठावन्न वाघिणी, कोळसा नाहीतर सिमेंट,
छपरावर हॉर्न, खिडकी कायम डावीकडे,
आणि त्या खिडकीतून बावीस वर्षं वारा.
म्हणून सुटीला ही. जमिनीलगत.

स्टिरिओ कंपनीचाच होता.
आधी आकड्यांच्या रेघा विझल्या,
आठाचा तीन झाला, तिनाचा सात,
घड्याळावर विश्वास ठेवणं सोडलं.
मग तो कॅसेटी गिळायला लागला.
मग यंदाच्या मेमध्ये, पत्र्यावर हात ठेवता येईना अशा दुपारी,
माझ्या लक्षात आलं
की आवाज डावीकडून उतरत चाललाय,
टाकीतलं पाणी उतरतं तसा,
वरून वाकून बघेपर्यंत कळत नाही.

शालिक तायडेनं सायकलच्या दोन आऱ्या वाकवल्या,
दोन्ही भोकांत घातल्या, ओढल्या.
डबा बाहेर आला दाढेसारखा,
मागे तारांचा झुपका,
एक वाळकी शेंग, आठ आणे,
आणि दंतवैद्याच्या पोरीचा असावा असा
गुलाबी केसांचा चाप.
"कंपनीचे रंग कंपनीलेच ठाव," शालिक म्हणाला,
आणि एकेक तार दातांनी सोलू लागला.

पिवळी बॅटरीची. काळी अर्थिंग.
बाकीच्यांसाठी त्यानं खिशातून घड्याळाचा सेल काढला,
दोन टोकांना टेकवला. उजवीकडे खट्ट.
पुढच्या जोडीला टेकवला.
"वाजला का भो?"
मी म्हणालो, हो.

नवीन स्टिरिओ निळ्या दिव्यांचा,
नको तितका झगमगता.
त्यानं बातम्या लावल्या, मग एक बासरी.
मी म्हणालो, डावा कमी आहे.
त्यानं दाराचं पॅनल उघडलं, सोल्डर तपासला, पुन्हा बसवलं.
मी म्हणालो, अजून कमी.
त्यानं स्पीकरच बदलून पाहिला,
दुकानातला, बिनजाळीचा.
मी म्हणालो, तसाच.

मग तो काहीच बोलला नाही.
मला बाहेर काढलं, स्वतः माझ्या जागी बसला,
डोळे मिटले.
केळीचा एक ट्रक गेला, धूळ बसली,
तो बसूनच.
"दोन्ही बरोबर वाजतात, भो."

गाडीच्या टपावर हात ठेवून मी उभा.
पत्रा भाजत होता, तरी काढला नाही.
ऑगस्टात माझी मेडिकल आहे,
रेल्वेच्या दवाखान्यात, काचेच्या खोलीत,
कानावर टोपलं, हातात बटण:
ऐकू आलं की दाबा.
इथे बटण नव्हतं, आणि मी दाबलं होतं.

शालिकनं आत हात घालून काहीतरी फिरवलं.
"डावा पाच घरं चढवला. सेव्ह केलाय.
बॅटरी काढली त जाईन, मग ये."
पैसे ठरल्याहून दोनशे कमी घेतले.
जुना डबा फळीवर ठेवला,
तिथे असे बरेच आहेत, तोंडं भिंतीकडे.

परतताना फाटक बंद.
बासरी आता सगळीकडून येत होती,
इतकी नीट, की मी ती बंद केली
आणि दोन्ही काचा खाली घेतल्या.

डावीकडून मालगाडी आली.
पूर्वी हॉर्नवरून सांगायचो कोण आहे ते,
लीलाधर फालक दोनदा तोडून मारतो.
आज आधी तो दिसला, खिडकीत, कोपर बाहेर.
त्यानं गाडी ओळखली, हात वर केला,
मग दोराकडे गेला तो हात.

डावीकडचा तो हॉर्न
मी मान वळवून
उजव्या कानानं ऐकला.
मग वाघिणी मोजत बसलो, बोटांवर.