भाता बंद

गोरेगावच्या स्टुडिओत दोनला बोलावलं,
सेट लागला साडेसातला.
तोवर कालिंदीबाई मेकअपच्या खोलीत
आरशाभोवतीचे गेलेले दिवे मोजत बसल्या.
"सात," म्हणाल्या. "माझे वरचे दातही सातच गेलेत."

आमच्या आधी एक मुलगा तोंडातून जळते बोळे काढणार होता,
आमच्यानंतर पैठणीची सोडत.
मधली सहा मिनिटं आमची.
मागे थर्माकोलची सोनेरी अक्षरं: सुवर्णकाळ.
त्यातला 'ळ' एका बाजूने सुटलेला,
थंडगार झोतात हलत होता.

कानात यंत्र घातलेला एक पोरगा मला म्हणाला,
काका, पेटी वाजवायची नाही हं,
वाजवल्यासारखं करायचं.
म्हटलं, म्हणजे नेमकं काय करायचं?
म्हणाला, भाता बंद.

बाईंच्या पदराला माइक लावला.
त्याची तार मांडीखाली गेली
आणि तिथेच संपली.

गाणं लागलं ते अडुसष्ट सालच्या तबकडीवरचं.
बाई तेव्हा एकतीसच्या, काळी चारच्या,
ताडदेवला रेकॉर्डिंगला गिरगावातून चालत गेलेल्या,
कारण टॅक्सीचे पैसे कोण देणार ते ठरलं नव्हतं.
तो आवाज उंच पेटाऱ्यांतून आला
आणि रोजावर आणलेल्या प्रेक्षकांनी
एका बाईने हात वर केल्यावर
टाळ्या वाजवल्या.

पहिला टेक. दुसरा.
कुणाचा तरी फोन वाजला.
तिसरा.

तिसऱ्यात, अंतऱ्याच्या जरा आधी,
मला काहीतरी ऐकू आलं.
कानाने नाही म्हणता येणार. गुडघ्याने.
आम्ही दोघं एकाच पोकळ चौथऱ्यावर,
मी बत्तीस वर्षं जिथे बसतो तिथे, त्यांच्या डाव्या हाताला,
आणि खालची फळी घुमत होती.

बाई गात होत्या.
तबकडीच्या खाली, काळी एकमध्ये,
जिथे त्यांचा आवाज हल्ली राहतो.
जाड, मधेच फाटणारा,
वरच्या निषादाच्या उंबऱ्याशी टेकून
"आत येत नाही, इथूनच बोलते" म्हणणारा.
वरची पोर दोन-दोन पायऱ्या चढत होती,
ही कठड्याला धरून.
एका जागी तर उभीच राहिली,
आणि तिथे थांबून जे दिसलं ते
पोरीला कधीच दिसलं नव्हतं.

मी काही ठरवलं नाही.
ठरवायला वेळ असतो का, साथीत?

कॅमेऱ्यामागून कुणीतरी ओरडलं, सुपर!
पैठणीवाल्या बायका आत शिरल्या.
परतताना गाडीत, माहीमपर्यंत,
बाईंनी पाकीट दोनदा मोजलं.
"दोन हजार कमी आहेत, विश्राम."
गाण्याबद्दल चकार शब्द नाही.

रविवारी रात्री काळाचौकीला घरी बघितलं.
सून म्हणाली, अगदी आत्ता गातायत असं वाटतं.
अंतऱ्यात एके ठिकाणी
बाईंचे ओठ मिटतात, श्वास घेतात,
आणि आवाज तसाच पुढे चालत राहतो
आई मागे राहिली हे न कळलेल्या मुलासारखा.
सून तेव्हा ताटं उचलत होती.

दहा मिनिटांनी पार्ल्याहून गद्रे यांचा फोन.
स्टेट बँकेतून निवृत्त, पेटी शिकलेले,
चुका काढायलाच कार्यक्रम बघतात.
विश्रामराव, तुमची बोटं जवळून दाखवली हो त्यांनी.
काळी चारचं गाणं,
आणि तुम्ही साफ काळी एकवर!
मी म्हटलं, बरोबर बघितलंत.
ते म्हणाले, अहो पण ती तर काळी चार.
मी म्हटलं, ती हो.
मी ह्यांना साथ करत होतो.