फुलाचे दोन टक्के

हॅम्बुर्गच्या गिऱ्हाइकानं टॉवेलांचे नमुने पास केले
आणि सोबत एक बाटली पाठवली.
अक्कलकोट रोड, एमआयडीसी. बेचाळीस डिग्री.
एल्डरफ्लॉवर, वाचलं मी.
मराठीत काय म्हणतात, कुणालाच ठाऊक नव्हतं;
सोलापुरात जे उगवत नाही
त्याला सोलापुरानं नाव तरी का ठेवावं?

माठाच्या पाण्यात टोपणभर, टोपणभर.
फोल्डिंगच्या बायका, वार्पिंगचा इरण्णा,
बॉयलरवरचा चाँदसाब, सगळे एका रांगेत.
"ताकदीचं हाय का?" इरण्णानं विचारलं.
मी लेबलावर मोबाइल धरला, वाचून दाखवलं:
साखर, शंभरात बासष्ट.
प्रथिनं शून्य. मेद शून्य.
लोह, जीवनसत्त्व, रकानाच नाही.
फुलाचा अर्क, दोन टक्के.
"म्हणजे साखरपाणीच की," चाँदसाब म्हणाला
आणि पेला पुन्हा पुढं केला.

येल्लुबाई चिट्याल प्यालीच नाही.
पेला नाकाशी धरून उभी,
पापण्यांवर कापसाची तूस.
"वेपपुव्वू," ती म्हणाली. मग आमच्यासाठी,
"कडुनिंबाचा मोहर. उगादीच्या पच्चडीत घालतो ना, तो.
पण ह्यातलं कडू कुणीतरी काढून घेतलंय."

मी लेबल पुन्हा वरपासून खालपर्यंत पाहिलं.

बाटली आता ऑइलिंगवाल्या अंबाजीकडं असते.
लूमला तेल सोडताना
अजून गोडसर वास येतो, म्हणतो.
मला तरी तेलाचाच येतो.
मार्चअखेर मात्र गेटबाहेरच्या निंबाखाली
स्कूटर लावताना सीट झटकली,
आणि झटकायचा हात
थोडा वेळ तसाच नाकाशी राहिला.